पाऊण तासाची बाटली

आप्पांच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नाही, शीर राहते. नंदुरबारच्या बाजारात कुणी "ओळखलं का आप्पा?" म्हणून समोर उभा राहिला, तर आप्पा त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत. त्याचा डावा हात धरतात, कोपरातून सरळ करतात, आतल्या बाजूला अंगठा दोनदा फिरवतात आणि म्हणतात, "हां, धानोराना ना तू? तुन्हा बापनी बी आशीच पळती शीर व्हती." समोरचा असा फुलतो, जणू मंत्र्यानं नावानं हाक मारली.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत साडेतीन वर्षं भाडेकरू होते. सरकारी नोकरीत पहिलीच नेमणूक, गाव सांगलीकडचं, भाषा कानाला नवी, ऊन डोक्याला नवं. सामानाचा टेम्पो दारात उभा करून मी घाम पुसत होते, तेवढ्यात एक उंच, काटकुळे गृहस्थ आले आणि त्यांनी माझा हात धरला. मी ओरडणारच होते. ते शुद्ध शाळेतल्या मराठीत म्हणाले, "लाजरी शीर आहे. पाणी कमी पिता तुम्ही." आणि आत निघून गेले. पुढे आठ दिवस त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "वरली लाजरी शीर" एवढी नोंद त्यांना पुरेशी होती. मला मात्र ते फार लागलं. नंतर कळलं की कलेक्टर कचेरीतल्या एका बड्या साहेबांना ते "दोरीसारखी शीर" म्हणतात, मग माझा राग जरा निवला.

आप्पा म्हणजे निवृत्त कंपाउंडर. गावातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे त्यांनी उभी हयात काढली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, पण आप्पांच्या घरात तो चालूच होता. दवाखान्यातली हात बांधायची रबरी नळी त्यांच्या खिशात असायची. तिनं ते रद्दी बांधायचे, सायकलच्या कॅरिअरला डबा बांधायचे. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या घरभर होत्या. एकीत मनीप्लँट, एकीत खिळे, एक धुण्याच्या दोरीला वजन म्हणून. अंगणातल्या पपईच्या झाडाला तर खरीखुरी बाटली उलटी टांगलेली होती, नळीसकट, आणि तिच्यातून बुंध्याशी टिपटिप पाणी पडायचं. रोज सकाळी आप्पा घड्याळ बघून थेंब मोजायचे. "आमच्या घरात बाटली फक्त हिलाच," असं ते पपईकडे बोट दाखवून सांगायचे. पपया मात्र गुळासारख्या लागायच्या, हे मला कबूल केलंच पाहिजे.

आता ज्यांना तिकडची पद्धत ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. नंदुरबारकडे अंगात कसकस असो, उन्हाचा तडाखा असो, लेक सासरहून रुसून आलेली असो, इलाज एकच: सलाईनची बाटली. लग्नसराईच्या आधी बाटली, कापूस वेचून झाला की बाटली, ऊसतोडीला गुजरातेत जायच्या आधी बाटली. मोटारसायकलचं ऑइल बदलावं तसं लोक सांगतात, "दोन बाटल्या लाई लिन्यात, आते वरीसभर चिंता नही." तीही पांढरी नको. पांढरं म्हणजे नुसतं पाणी. पिवळी हवी.

आणि आप्पा याच्या हात धुऊन मागे लागलेले. उन्हाळ्यात ओट्यावर माठ मांडून बसायचे. माठात लिंबू, मीठ, साखरेचं पाणी. दवाखान्यांच्या गल्लीकडे निघालेला माणूस त्यांना चालीवरून कळायचा. त्याला अडवून पेला हातात द्यायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे: "देवनं देयेल तोंड शे ना? मंग शीर कसाले फोडतस?"

माणूस पेला संपवायचा, "व्हय आप्पा, बराबर शे," म्हणायचा आणि सरळ जाऊन बाटली लावून घ्यायचा. आप्पांचा उपदेश आणि पालथ्या घड्यावरचं पाणी सारखंच. परतताना तोच माणूस हातावरची कापसाची पट्टी लपवत पलीकडच्या गल्लीनं जायचा. आप्पा ओट्यावरून ओरडायचे, "देखं, देखं! पट्टी देखाई ऱ्हायनी!"

यावरून कुणाला वाटेल की आप्पांचा सलाईनवर राग होता. तसं अजिबात नव्हतं. एका वर्षी वर तोरणमाळच्या अंगाला पाड्यांवर जुलाबाची साथ आली होती, तेव्हा डॉक्टर आणि आप्पा जीपमध्ये खोकी भरून गेले होते. स्टँड कुठले? सागाच्या फांद्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून त्यांनी बाटल्या टांगल्या. झाडाखाली पोरं निजवलेली, डोळे खोल गेलेले, शिरा सापडत नव्हत्या. आप्पा एकेक शीर शोधत गुडघ्यांवर सरकत होते. संध्याकाळी त्यातल्या एका पोरीनं डोळे उघडून भाकरी मागितली. हे सांगताना आप्पांचा आवाज बारीक व्हायचा. "तवय बाटली देव व्हती, ताई," ते म्हणायचे. मी त्यांच्या घरातली बाटल्यांची अडगळ त्यानंतर कधी हसण्यावारी नेली नाही.

मग हा माणूस लोकांच्या पिवळ्या बाटलीवर एवढा का चिडायचा? हे कोडं मला त्यांच्या नातीनं सोडवून दिलं. आप्पांचा मुलगा आणि सून नवापूरला कोंबड्यांचा फार्म चालवत. नात शिकायला म्हणून लहानपणीच आप्पांकडे आली आणि इथलीच झाली. कॉलेज संपवून ती एका शाळेत शिकवत होती. आमच्या दोघींची माझ्या खोलीच्या गॅलरीत बसून चहा पिण्याची दोस्ती. ती एकदा हसत म्हणाली, "ताई, आप्पा कोणावर चिडतात माहितीये? स्वतःवर. पिवळी बाटली आणली कोणी गावात? त्यांनीच!"

गोष्ट अशी होती. आप्पा ऐन उमेदीत असताना एक शेतकरी सलाईन लावून उठला आणि कुरकुरला, "पांढरं पानी भरं डॉक्टरनी, ताकद कोठे शे?" आप्पांना त्याची थट्टा करायची लहर आली. पुढल्या खेपेला त्यांनी बाटलीत व्हिटॅमिनचं एक इंजेक्शन मिसळलं. औषध साधंच, पण बाटली हळदीसारखी पिवळीधमक झाली. शेतकरी उठला तो ताठ उभा राहिला, दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरला, आणि चारचौघांत सांगत सुटला. आठवडाभरात त्याचं अख्खं गाव "पिवळी लावा" म्हणत दारात. डॉक्टर आप्पांवर डाफरले. पण पिवळी न देणारा दवाखाना ओस पडायला लागला, तेव्हा डॉक्टरही गप्प झाले. थट्टेचा रिवाज झाला, रिवाजाचा धर्म झाला. आप्पा आयुष्यभर त्या एका इंजेक्शनचं प्रायश्चित्त लिंबूपाण्यानं घेत होते.

नातीचं लग्न ठरलं. स्थळ सुरतेचं, म्हणजे मूळचे खान्देशातलेच, दोन पिढ्या उधन्याला राहिलेले. मुलगा चांगला, हसरा. सगळं छान चाललं असताना मुलाच्या थोरल्या वहिनीनं फोनवर नातीला सहज म्हणून सांगितलं, "आम्ही सगळ्यांनी लग्नाआधी ड्रिप घेतली होती. ग्लो येतो. तू पण घे, तुला तर जास्त गरज आहे."

"तुला तर जास्त गरज आहे." नात सावळी आहे. टवटवीत, मोठ्या डोळ्यांची, सावळी. ते वाक्य तिच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. तिनं आरशात बघणं वाढवलं आणि जेवण कमी केलं.

आणि इथे माझा दोष आहे. तिनं मला फोन दिला आणि मी शोधायला बसले. सुरतेतली ड्रिप क्लिनिकं नुसती शोधली तर नकाशावर पडदाभर लाल टाचण्या उगवल्या. ऊर्जेची ड्रिप, केसांची ड्रिप, रोगप्रतिकाराची ड्रिप, नवरीची ड्रिप, "पार्टीनंतरची ताजगी" नावाची ड्रिप. फोटोत गोऱ्या बायका आरामखुर्चीत डोळे मिटून पहुडलेल्या, वर बाटली. खरं सांगायचं तर मलाच एक घ्यावीशी वाटली. ऑडिटचे दिवस होते, पाठ मोडली होती. आम्ही दोघी फोनवर डोकी लावून बसलो असताना मागून आप्पा आले, चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावरची बाटली पिवळीधमक होती.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आपलीच हरवलेली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात रंगवून बांधलेली दिसावी, तसे ते बघत होते.

"हाई तर मन्ही बाटली शे," ते म्हणाले.

नात म्हणाली, "मंग? तुम्ही सगळा गावले दिनी. मले काब्र नही?"

दोन दिवस घरात अबोला. आप्पा पपईपाशी, नात आरशापाशी, मी मध्ये डाक पोचवणारी. तिसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच वर आले. म्हणाले, "ताई, तुम्ही साक्षीदार. आपण सुरतेला जाऊ. तीन ठिकाणं बघू. मी चार प्रश्न विचारणार. चारही उत्तरं बरोबर देणारं एकसुद्धा ठिकाण सापडलं, तर मी स्वतः तिचा हात धरून बसेन. नाही सापडलं, तर हिनं हा विषय सोडायचा." नातीनं लगेच टाळी दिली. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द, हे तिला ठाऊक होतं. आप्पांना वाटत होतं की असं ठिकाण सापडणारच नाही. ते वचन देताना गालातल्या गालात हसत होते, हे मी पाहिलं.

सकाळच्या गाडीनं निघालो. नवापूरला आप्पा फलाटावर उतरलेच. त्या स्टेशनावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आप्पा मधल्या रेघेवर बसून चहा पितात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. "आठे बठं का मन शांत होस," म्हणाले. गाडीनं शिटी दिली, आम्ही दोघी दारातून हाका मारतोय आणि हे बशीत उरलेला चहा फुंकतायत. नात एरवी खळखळून हसली असती. त्या दिवशी खिडकीशी बसून राहिली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

पहिलं ठिकाण चकचकीत इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आत अत्तराचा वास, मंद गाणी, हॉटेलात असतं तसं छापील कार्ड. आप्पांनी ते कार्ड वरून खाली, खालून वर वाचलं. मग "पार्टीनंतरची ताजगी" वर बोट ठेवून समोरच्या मुलीला हिंदीत विचारलं, "बेटा, गुजरात में तो दारूबंदी है. फिर ये उतारा कौन लेता है?" मुलगी लाजून हसली. मी नातीच्या मागे लपले. मग आप्पांनी पहिला प्रश्न टाकला: बाटलीत काय काय घालता, ती इंजेक्शनं मला दाखवा, नाव वाचू द्या. ती म्हणाली, "सर, वो हमारा सीक्रेट फॉर्म्युला है."

"सीक्रेट जादूगर रखता है, बेटा. दवाखाना नहीं," आप्पा म्हणाले आणि चपला घातल्या.

दुसरं ठिकाण ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत, पडद्याआड. इथं औषधांची नावं सांगितली, बाटल्याही दाखवल्या. आप्पांचा दुसरा प्रश्न: सुई कोण टोचणार आणि डॉक्टर किती पावलांवर बसलेला असतो? पार्लरवाल्या बाई अभिमानानं म्हणाल्या की सुई त्या स्वतःच टोचतात, शिकून घेतलंय, आणि डॉक्टरसाहेब फोनवर चोवीस तास असतात. आप्पांनी त्यांना फार सौम्य आवाजात समजावलं, की बाई, थंडी वाजून माणूस खुर्चीत थडथड उडायला लागतो, तेव्हा फोन लावायला कुणाचा हात स्थिर राहत नाही. मग बाईंचा हात धरून त्यांची शीर बघितली आणि त्यांना रोज दोन तांबे पाणी जास्त प्यायला सांगून आले.

दोन गेले. आप्पा रिक्षात गुणगुणत होते. नात बाहेर बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला दिसलं. या म्हाताऱ्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. तो बरोबर होता म्हणून तर जास्तच.

तिसरं ठिकाण उधन्याच्या एका साध्या गल्लीत. बाहेर चपलांची रांग, आत चाळिशीच्या एक डॉक्टरबाई. एका बाजूला नेहमीचे रुग्ण, मागच्या खोलीत दोन आरामखुर्च्या आणि स्टँड. आप्पांनी पहिला प्रश्न विचारताच बाईंनी कपाट उघडून सगळी औषधं टेबलावर मांडली. वापरायची मुदत आप्पांनी न सांगता त्यांनीच दाखवली. दुसऱ्याला म्हणाल्या, सुई माझी सिस्टर टोचते, ती शिकलेली आहे, आणि मी इथून सात पावलांवर. तिसरा प्रश्न: कुणाला उलट परिणाम झाला तर काय तयारी? बाईंनी शेजारचा ट्रे आणि ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवला, सिलिंडरचा काटासुद्धा. आप्पांचं गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं.

त्यांनी चौथा प्रश्न विचारला. "तुम्ही परत कोणाला पाठवता?"

डॉक्टरबाई हसल्या. "आज सकाळपासून तिघांना पाठवलंय, काका. एकाची किडनी बिघडलेली, एकाचं हृदय, आणि एकीला नुसती झोप हवी होती."

आप्पांनी खुर्चीची पाठ धरली. चारही उत्तरं बरोबर होती. शब्द दिलेला होता, साक्षीदार मी. ते नातीला एवढंच म्हणाले, "बठ."

नात खुर्चीत बसली, बाही वर केली. बाईंनी तिचं बीपी बघितलं, चार गोष्टी विचारल्या आणि स्पष्ट सांगितलं, "रंगासाठी म्हणशील तर मी देत नाही. रंग बाटलीत नसतो आणि जे तसं सांगतात त्यांच्यापासून दूर राहा. थकव्यासाठी साधी व्हिटॅमिनची देऊ शकते. पण तुला ती लागेल असं मला वाटत नाही. पाणी आणि जेवण तेवढंच काम करेल. ठरव तू."

नात हट्टानं म्हणाली, "लावा."

सिस्टरनं दंड बांधला, थोपटलं, चाचपलं. उपाशी, घाबरलेल्या पोरीची शीर कुठली सापडायला? सिस्टर चांगली होती, उगाच टोचली नाही, पुन्हा चाचपत राहिली. तेव्हा नात म्हणाली, "आप्पा, तुम्हीच शोधा ना."

आप्पांनी तिचा हात हातात घेतला. अंगठा कोपरात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. शीर त्यांना लगेच सापडली असणार. ही शीर ते ती पाळण्यात होती तेव्हापासून ओळखत होते. पण ती त्यांनी सिस्टरला दाखवली नाही. मग ते तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि बोलू लागले, आमच्या कुणाकडे न बघता.

"डोंगरावरून एक बाई यायची. दर साली, सुगी झाली की. दोन दिवस चालून. एक पिवळी बाटली लावायची, उठून जायची. एका साली बाटली संपली तर म्हणाली, अजून एक लाव. मी हसलो. म्हटलं, एवढी ताकद घेऊन काय करणार? तर ती म्हणाली, ताकद नको रे भाऊ. घरी मी आडवी झाले तर सगळे विचारतात, काय झालं, ऊठ. इथे बाटली आहे तोवर कोणी उठवत नाही." आप्पा थांबले. "मी तिला दुसरी लावली नाही. खाटेवर दुसरा माणूस आणायचा होता. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली, गेली. पुढच्या साली आली नाही. मी कोणाला विचारलंही नाही."

आप्पा नातीकडे वळले आणि घरच्या बोलीत, अगदी हळू, म्हणाले, "खरं सांग बेटा. तुले काय पायजे?"

नातीचा बांध फुटला. "मले काहीच नही पायजे, आप्पा. साडी कोनती, मेंदी कोनती, रंग कसा, पाव्हना किती... सगळा इचारी ऱ्हायनात. एक घडी मले कोनी काय इचारू नका. तुम्ही नुस्ता बठा."

डॉक्टरबाईंनी सिस्टरला खूण केली. दंडाची पट्टी सुटली, स्टँड बाजूला गेला, दिवा मालवला. खुर्ची मागे झुकवून पाय वर घेतले. बाईंनी स्वतः ग्लासभर लिंबूपाणी आणून आप्पांच्या हातात दिलं, चमच्यासकट, आणि पडदा ओढून बाहेरच्या रुग्णांकडे गेल्या. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एका बाटलीला लागतो तेवढा पाऊण तास त्यांनी धरला आणि ते तिला चमच्याचमच्यानं पाणी पाजायला बसले. दहा मिनिटांत ती झोपली. तरी पाऊण तास भरेपर्यंत ते उठले नाहीत. मीही कोपऱ्यात बसले होते आणि ऑडिटची पाठ घेऊन केव्हा डोळा लागला ते मला कळलं नाही.

परतताना नवापूरला तिघंही उतरलो, बाकाच्या मधल्या रेघेवर दाटीवाटीनं बसलो आणि नातीनं दोन वडापाव खाल्ले.

लग्न झोकात झालं. नवरी खरोखरच उजळून निघाली होती, आणि ते पोटभर जेवण आणि पुरेशी झोप यांचं तेज होतं, हे मी शपथेवर सांगेन. ती मोठी जाऊबाई जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी सरकून कानात म्हणाली, "ड्रिप कुठं केली हिनं? पत्ता द्या ना." मी म्हटलं, "नंदुरबारला. आमच्या ओट्यावर." तिला वाटलं मी लपवतेय. चार महिन्यांनी ती खरंच आली. आप्पांनी तिचा हात बघितला, खाटेवर निजवलं, लिंबूपाण्याचा पेला आणि चमचा घेतला आणि मला दम दिला, "पाऊण तास हिले कोनी काही इचारू नका." बाई उठली तेव्हा डोळे पुसत होती. काय झालं, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तेव्हापासून आप्पांच्या ओट्यावर माठाशेजारी खाट आहे. गल्लीतल्या बायका बाजाराहून येताना पिशवी ठेवून पडतात. आप्पा घड्याळ लावून बसतात. दवाखान्यांच्या गल्लीतली गर्दी कमी झाली असं मात्र म्हणवत नाही, थापा मारायला मी काही राजकारणी नाही.

माझी बदली झाली आणि मी तिथून निघाले. गेल्या वर्षी नातीचा फोन आला: आप्पांना उलट्या-जुलाब, दवाखान्यात ठेवलंय. वाचणाऱ्यांनो, घाबरू नका, आधीच सांगते, आप्पा आज ठणठणीत आहेत आणि पपईचे थेंब मोजतायत. अशा आठवणींत माणसाला शेवटी मारायची पद्धत आहे. आमचे आप्पा काही त्याला तयार झाले नाहीत.

मी पोचले तेव्हा त्यांना सलाईन लावायची धडपड चालली होती. तोंडातून पाण्याचा घोट ठरत नव्हता. आता शीरच हवी होती आणि जन्मभर दुसऱ्यांच्या शिरा शोधणाऱ्या माणसाची स्वतःची शीर काही केल्या सापडत नव्हती. सिस्टर कोवळी पोरगी होती, डोंगराकडची, घामाघूम झालेली. आप्पांनी डोळे मिटूनच सांगितलं, "कोपरमा नको बेटा. मनगटना वर, अंगठाना बाजूले. लाजरी शे, धीरे जाय." एका फटक्यात लागली. आप्पांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले. माझा हात मी आपणहून पुढे केला; त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आते पानी पेतस तुम्ही."

दोन दिवसांत धोका टळला. ते बसून पेज प्यायला लागले. शेवटची बाटली लावलेली असताना दुपारी नात सुरतेहून आली. कडेवर वर्षाचं मूल, केस विस्कटलेले, गाडीत उभी राहून आलेली. तिनं मूल माझ्याकडे दिलं, स्टूल ओढलं आणि आप्पांचा मोकळा हात दोन्ही हातांत धरून बसली. बाटली संपली की पाचच्या गाडीनं तिला परतायचं होतं, सासरी पाहुणे होते.

थोड्या वेळानं सिस्टर आली. बाटलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, कपाळाला आठी घातली. पांढरी, साधी बाटली अजून अर्ध्यावर होती आणि थेंब अगदीच रेंगाळत पडत होते. तिनं थेंबांचा वेग कमी-जास्त करणारं नळीवरचं चाक तपासलं. "आप्पा, हे चाक कोणी फिरवलं? एव्हाना संपायला हवी होती."

आप्पांनी नातीच्या हातांतला आपला हात हळूच सोडवून पांघरुणाखाली घेतला. चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड केलं आणि विनवणीच्या सुरात म्हणाले, "धीरे जाऊ दे ना बेटा. पोर लांबतीन येल शे."

सिस्टरनं एकदा नातीकडे पाहिलं. मग चाकावरचा हात काढून घेतला आणि पुढच्या खाटेकडे गेली.